अकरा मिनिटांची चाचणी

सोमवार, ३ फेब्रुवारी

बायको म्हणते, तुझ्या डोक्यात जे चालतं ते कागदावर उतरवत जा, म्हणजे घरात निदान जेवताना तरी शांतता राहील. म्हणून ही वही. कागद चांगला आहे, शाई फुटत नाही.

आज सांगण्यासारखं घडलंसुद्धा. मेमरीची चाचणी अकरा मिनिटांत संपली. आजवर अडीच तास लागायचे.

आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या. औषधं साठवायच्या थंड खोल्यांत तापमान मोजून नोंदवत राहणारं यंत्र आम्ही बनवतो. पहिल्या खोलीत साहेब, मधल्या खोलीत मी आणि तिसऱ्या खोलीत, खिडकीला लागून, ताईंचं टेबल. यंत्राच्या बोर्डावर चिप सोल्डर करायचं, म्हणजे कथील वितळवून जोडायचं काम ताईंचं. हाताखाली दोघीजणी आहेत, पण बारीक पायांच्या चिप ताई स्वतःच बसवतात. सगळे त्यांना ताई म्हणतात. साहेबसुद्धा म्हणतात, आणि साहेब त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे आहेत.

ताईंनी बोर्ड तयार केला की मी त्याची मेमरी तपासतो. प्रत्येक कप्प्यात एक आकडा लिहायचा आणि तोच परत वाचायला मिळतो का ते बघायचं. यात गंमत अशी की आमच्या धंद्यात कप्प्याला पत्ते दोन. एक खरा, चिपवरचा. दुसरा आभासी, प्रोग्रॅम ज्या नावाने हाक मारतो तो. मधे एक तक्ता असतो, अमक्या आभासी पत्त्यामागे तमका खरा कप्पा आहे असं सांगणारा. मी एकच आभासी पत्ता खिडकीसारखा धरून ठेवतो आणि तक्त्यातली नोंद बदलत जातो. नोंद बदलली की त्याच खिडकीतून पुढचा कप्पा दिसायला लागतो. खुर्चीवरून न उठता अख्खी मेमरी फिरून व्हायची.

मला हे फार आवडतं. डोळे मिटले की पहाटेचं एक गाव दिसतं. रस्त्यावर कुणी नाही, दारं लावलेली, आणि मी प्रत्येक उंबऱ्यावर एकेक आकडा ठेवत चाललोय. परत येताना सगळे आकडे जागच्या जागी असतात.

माझ्या आधी इथे ज्या बाई होत्या त्यांच्या कोडमध्ये खिडकी सरकवल्यावर दर वेळी एक जादाची ओळ चालायची. कशासाठी, ते त्यांनी लिहिलं नव्हतं आणि आता त्या निवृत्त होऊन लेकीकडे गेल्यात. गेल्या आठवड्यात मी ती ओळ काढून पाहिली. निकाल हिरवाच, आणि वेळ अकरा मिनिटं! खिडकी सरकवायचं तेच फंक्शन यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममध्येही वापरलंय, त्यामुळे यंत्रही आपोआप चपळ झालं. साहेब म्हणाले, "वा." साहेबांचा वा वर्षातून दोनदा येतो, त्यातला एक मला फेब्रुवारीतच मिळाला. परवा चाळीस यंत्रं रवाना होणार आहेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

यंत्रं गेली. संध्याकाळी जेवताना सासऱ्यांना खिडकीची गोष्ट सांगितली. बाबा दोन वर्षांपासून आमच्याकडेच असतात. एका चौदा मजली इमारतीत ते जन्मभर लिफ्ट चालवत होते.

"म्हणजे लिफ्टच की, जावईबापू," ते म्हणाले. "दार एक, मजले चौदा."

"अगदी तसंच, बाबा."

"आमच्याकडे एकदा मोटार बिघडली आणि लिफ्ट जागची हललीच नाही. लोक आत यायचे, बटण दाबायचे, दार मिटायचं, दार उघडायचं, की निघाले बाहेर! तिसऱ्या मजल्यावर चार कोटवाले अर्धा तास सातव्या मजल्यावरचं ऑफिस शोधत होते. वरचा आकडा कुणी बघत नाही हो. दार उघडलं की माणूस समाधानी."

हसता हसता मला ठसका लागला. बायको हसली नाही. ती छापखान्यात प्रूफं वाचते, त्यामुळे तिला सगळ्याच गोष्टीत चूक शोधायची सवय आहे.

"अडीच तासांचं काम अकरा मिनिटांत कसं होतं?" तिने विचारलं. "तीनशे पानांचं पुस्तक मी चहा होईपर्यंत वाचून दिलं, तर मालक मला पुस्तकासकट घरी पाठवतील."

मी म्हटलं, यंत्राचं तसं नसतं.

"असेल बुवा," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तिसरं यंत्र बंद पडलं. आठवडाभर व्यवस्थित चालतं आणि मग एकाएकी गोठतं. पडद्यावर शेवटचं तापमान तसंच राहतं, आत औषधं तापली तरी कुणाला कळत नाही. एका ठिकाणची सगळी औषधं फेकून द्यावी लागली.

तिन्ही यंत्रं परत आली. साहेबांनी सर्वांना बोलावलं. मी तिन्ही बोर्डांवर चाचणी चालवली. अकरा मिनिटं, हिरवं. अकरा मिनिटं, हिरवं. तिसराही तसाच.

"मेमरी ठीक, प्रोग्रॅम तोच, जो आपल्या टेबलावर महिनाभर चाललाय," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग उरलं काय?"

उरलं ते ताईंचं काम. कुठेतरी एखादा सांधा कच्चा राहिला असेल, गारठ्यात आकसून सुटत असेल, असं साहेबांनी शेवटी स्वतःच सांगितलं. ताई बोर्ड उजेडाकडे धरून बघत होत्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं. पण निकाल हिरवा असताना मी तरी काय करणार?

बुधवार, १९ फेब्रुवारी

दुपारी ताईंच्या टेबलापाशी गेलो. त्या भिंगाखाली परत आलेला बोर्ड धरून एकेक पाय मोजत होत्या. एका चिपला शहाण्णव पाय.

"ढगोबा, इकडे ये," त्या म्हणाल्या. मला त्या ढगोबा म्हणतात, कारण हाक मारली की मी दुसऱ्या हाकेला खाली उतरतो. "तुझे डोळे तरणे आहेत. यात तुला कुठे कच्चं दिसतंय?"

मला सगळं चकचकीत दिसत होतं. तसं सांगितलं.

"मलाही. म्हणजे कच्चं आहे आणि मला दिसत नाही, असंच ना?"

मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, ताई, इतकी वर्षं तुम्ही लाखभर सांधे केलेत, चाळिशीनंतर नजर थोडी इकडेतिकडे होणारच, त्यात कमीपणा काय. त्यांनी मान हलवली. मी बोललो ते बरं बोललो असं मला वाटतंय. माणसाला धीर देणारं कुणीतरी लागतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ताईंना घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. त्यांच्या यजमानांना सुट्टी नव्हती, म्हणून मीच म्हटलं की चला. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळसुद्धा ताईंनी न अडखळता वाचली. डॉक्टर म्हणाले, नंबर किरकोळ आहे, हवा तर करा. ताई म्हणाल्या, हवाच.

दुकानाबाहेर त्यांनी नवा चष्मा घालून पलीकडच्या फुटपाथवरच्या झाडाची पानं बघितली, मग स्वतःचा उजवा हात बघितला. हात बराच वेळ समोर धरला होता.

"थरथरतोय का रे?"

"नाही हो, ताई."

"थोडासा?"

मी नीट बघितलं. अगदी किंचित थरथरत होता, पण तो वाऱ्यात इतका वेळ धरल्यावर कुणाचाही थरथरेल. मी नाही म्हटलं. घरी येऊन दुपारी झोपलो, तर माझं ते पहाटेचं गाव स्वप्नात आलं. या वेळी दारं उघडी होती. पहिल्या घरात शिरलो तर एक खोली, भिंतीला टेकवलेली खुर्ची, खुर्चीवर निळी शाल. दुसऱ्या घरातही निळी शाल. तिसऱ्यातही. गावभर फिरलो, सगळीकडे तीच खोली, तोच प्रकाश. इतकं शांत आणि सुंदर वाटत होतं की जागं व्हायची इच्छा नव्हती. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "सगळ्या गावाला एकच शाल? विणणारी दमली असेल बिचारी."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पाचवं यंत्र. साहेबांनी बाहेरच्या एका कारखान्याच्या माणसाला बोलावलं होतं. तिथे सगळं सोल्डरिंग मशीनवर होतं. तो तिसऱ्या खोलीत येऊन ताईंच्या टेबलाभोवती फिरला, दोन फोटो काढले आणि "हाताने?" असं विचारून हसला. एकतीस मार्चला करारावर सह्या होणार आहेत. तसं झालं की तिसरी खोली बंद, ताई आणि त्या दोघी घरी.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी ताईंना एक संधी दिलीय. शेल्फवरची वीस यंत्रं ताईंनी पुन्हा सोल्डर करायची. ती टिकली तर करार लांबणीवर.

मंगळवार, ४ मार्च

ताई आज म्हणाल्या, महिनाअखेरीस मी थांबते.

"अहो, पण साहेबांनी संधी दिलीय ना? वीस यंत्रं चालली तर काम राहणार आहे."

"या दोघींसाठी राहील. माझं काही खरं नाही. हल्ली इस्त्री हातात घेतली," सोल्डरिंगच्या दांडीला त्या इस्त्री म्हणतात, "की वाटतं आपण बसवतोय ते बसतंच नाहीये. काल एक सांधा चार वेळा केला. चारही वेळा चांगला दिसला, म्हणून तर भीती वाटली. या दोघींना सगळं शिकवून जाते."

एक गोष्ट इथे मोकळेपणी लिहून टाकतो. हे ऐकताना मला कुठेतरी हायसं वाटत होतं, की निदान माझ्या कामावर बोट नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी ताई त्या दोघींना घेऊन माझ्या खोलीत आल्या. हातात एक बोर्ड होता.

"यांना तुझी चाचणी दाखव," त्या म्हणाल्या. "पण हिरवं नको. हिरवं बघून बघून कंटाळलो. लाल कसं दिसतं ते दाखव. चूक कशी दिसते ते कळलं नाही तर यांनी शिकायचं काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या चाचणीत लाल मी स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. ताईंचं काम चांगलं म्हणून, असं मी समजत होतो. एकीकडे त्यांचे सांधे कच्चे आहेत हेही मान्य करत होतो. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने राहत होत्या.

"यात चूक केलीय का?" मी बोर्ड लावत विचारलं.

"केलीय. मुद्दाम. भरपूर."

अकरा मिनिटं सगळे उभे राहिलो. हिरवं आलं.

"ताई, भलताच बोर्ड आणलात."

"नंबर वाच."

नंबर मी वाचला. मग बोर्ड सोडवून उलटा केला. मेमरीच्या दोन चिप असतात, त्यातली पहिली जागेवर होती. दुसरीच्या जागी नुसते शहाण्णव ठिपके होते, स्वच्छ पुसलेले. मी बोर्ड तिरका करून पाहिला, जणू चिप कडेला कुठे सरकली असेल.

ताईंनी ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि एक काळा चौकोन माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"चिप माझ्या खिशात आहे," त्या म्हणाल्या. "नसलेल्या चिपला पास केलंस?"

त्या दोघी फिस्सकन हसल्या. ताई हसत नव्हत्या.

"म्हणजे आजवर जे बोर्ड तू चांगले म्हणालास," त्या सावकाश म्हणाल्या, "ते चांगले आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. मग ते पाच नाही, सगळेच कच्चे असतील."

मी पाच यंत्रांपुरता त्यांच्यावरचा संशय खरा मानत होतो. त्या आता सगळ्यांबद्दल स्वतःवर संशय घेऊन परत गेल्या. चिप माझ्या कीबोर्डवरच राहिली.

शुक्रवार, ७ मार्च

सापडलं. चार तासही लागले नाहीत. शोधायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती.

प्रोसेसर दर वेळी तक्ता उघडून बघत बसत नाही. एकदा पाहिलं की उत्तर एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवतो आणि पुढच्या वेळी चिठ्ठीच वाचतो. तक्त्यातली नोंद तुम्ही बदललीत तर ते त्याला आपोआप कळत नाही. "ती चिठ्ठी फाड" असं त्याला सांगावं लागतं. ते सांगणारी एक ओळ असते. जुन्या बाईंनी लिहिलेली ती जादाची ओळ.

मी तक्ता बदलत होतो आणि प्रोसेसर चिठ्ठी वाचत होता. पहिल्या कप्प्याची चिठ्ठी. एका कप्प्यात लिहायचं, त्याच कप्प्यातून वाचायचं, आणि पुढच्या कप्प्यावर आलो असं समजायचं. लाखो वेळा. सगळ्या मेमरीतला तो एक कप्पा मी इतका तपासलाय की जगात तेवढा कुठला कप्पा कुणी तपासला नसेल.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे लिफ्ट हललीच नव्हती." त्यांनी माझी थट्टा केली नाही. त्याचंच जास्त लागलं.

सोमवार, १० मार्च

ओळ परत घातली. परत आलेले पाच आणि शेल्फवरचे वीस बोर्ड, चार चार करून लावतोय. अडीच तासांची फेरी. सर्वांत आधी ताईंच्या खिशातल्या चिपवाला बोर्ड लावला. सव्वा तासाने, बरोबर अर्ध्या मेमरीवर, पडदा लाल झाला. ताई दारात उभ्या होत्या. लाल दिसल्यावर त्या जवळ आल्या, पडद्यावरचा आकडा वाचला आणि "हं" म्हणून गेल्या.

बाकीच्या फेऱ्यांना त्या आल्या नाहीत. दर अडीच तासांनी मीच जाऊन सांगत होतो. चार चांगले. आठ चांगले. त्या इस्त्री बंद करून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अशा वेळी तोंडावर काय भाव ठेवावा हे मला कळत नव्हतं.

मंगळवार, ११ मार्च

रात्री ऑफिसातच थांबलो, पहाटे शेवटची फेरी संपली. पंचवीसच्या पंचवीस चांगले. बंद पडून आलेले पाचही. एकही सांधा कच्चा नाही.

मग यंत्रं गोठतात कशी? हे विचारायच्या आधीच उत्तर ठाऊक होतं, तरी दुपारभर मी दुसरंच काहीतरी शोधत बसलो. शेवटी यंत्राचा मूळ प्रोग्रॅम उघडला. तिथेही तेच फंक्शन, तीच काढलेली ओळ. टेबलावर महिनाभर चाललेला प्रोग्रॅम ओळ काढायच्या आधीचा होता. यंत्रात इतर कामांची गर्दी असते, त्यात जुनी चिठ्ठी बहुतेक वेळा आपोआप मागे पडते. आठवड्यातून एखाद्या वेळी ती टिकते. तेव्हा यंत्र तापमान नोंदवायला जातं आणि ते भलत्याच कप्प्यात, दुसऱ्याच्या कामाच्या मजकुरावर लिहून येतं. मग गोठतं.

पाचही यंत्रं मी गोठवली. ताईंनी नाही.

मग संध्याकाळी चालत घरी येताना एक विचार आला. तो आला हे लपवत नाही. वीस यंत्रं परवा जाणारच आहेत, ताईंनी पुन्हा सोल्डर करून. त्यांच्यात दुरुस्त प्रोग्रॅम घालून दिला तर ती बिनतक्रार चालतील. आधी गेलेल्या यंत्रांतही काही निमित्त काढून तो बदलता येईल. साहेब म्हणतील, पुन्हा सोल्डर केल्याचा गुण. करार लांबेल, त्या दोघींचं काम राहील, आणि मला कुणी काही विचारणार नाही. कुणाचंच नुकसान नाही. रस्त्यावर दिवे लागत होते आणि हा विचार इतका मऊ होता की त्यात पाय रुततच गेले. घर आलं तेही कळलं नाही.

बायकोला सांगितलं. ती प्रूफं घेऊन बसली होती. पेन्सिल खाली ठेवली.

"आमच्याकडे खिळे जुळवणारे एक जुळारी होते, जुने," ती म्हणाली. "एका पुस्तकात एक अख्खा परिच्छेद गळला. प्रूफात तो होता, मीच चुकून त्यावर काट मारली होती. मालकांना वाटलं, त्यांनी जुळवताना गाळला. मी गप्प बसले. त्यांना कामावरून कुणी काढलं नाही, काही नाही. मीही मनात हेच म्हटलं, कुणाचं काय नुकसान?"

"मग?"

"मग ते प्रत्येक पान तीन तीनदा मोजायला लागले. निवृत्त होईपर्यंत. अजून त्यांच्या गल्लीवरून जायचं झालं तर मी लांबून वळसा घालते."

हे तिने मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. तिने पेन्सिल उचलली आणि वाचायला लागली, पण पान उलटलं नाही.

बुधवार, १२ मार्च

सांगितलं. साहेबांना एकट्याला गाठून सांगणार होतो, पण बायको म्हणाली की ठपका चौघांसमोर ठेवला गेला, तर तो चौघांसमोरच उचलायला हवा. म्हणून तिसऱ्या खोलीत सर्वांना बोलावलं. साहेब आले, ताई होत्या, त्या दोघी होत्या. मी कागदावर लिहून नेलं होतं, पण कागद खाली ठेवला आणि तोंडीच बोललो. ओळ काढली, कशी काढली, चाचणी काय करत होती, यंत्र का गोठतं. पंचवीस बोर्ड चांगले आहेत. सोल्डरिंगमध्ये कुठेही दोष नाही, कधीच नव्हता. फेकलेली औषधं माझ्यामुळे गेली.

साहेबांनी दोन प्रश्न विचारले. दोन्हीची उत्तरं माझ्याविरुद्ध होती. मग ते म्हणाले, "वा." वर्षातला दुसराही संपला. चाळीस यंत्रांच्या गावांना मी स्वतः जाऊन प्रोग्रॅम बदलायचा, आणि पुढचा काही काळ माझं एक अक्षरही दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कारखान्याला तिथूनच फोन करून करार नको म्हणून कळवलं. ताईंकडे वळून ते "ताई, मी जरा..." एवढंच म्हणाले आणि पुढे वाक्य न सापडल्यामुळे आपल्या खोलीत गेले.

मी ताईंची माफी मागितली. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मी त्यांना दिसत होतो की नाही कुणास ठाऊक. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, पर्स घेतली आणि निघून गेल्या. सकाळचे साडेअकरा वाजले होते. ताई अशा मधेच उठून कधी गेलेल्या नाहीत. त्या दोघींपैकी मोठी मला म्हणाली, "आता परत येतात की नाही, बघा."

मला वाटलं, संतापल्या असतील. संतापायलाच हवं. दिवसभर त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे जाऊन येत होतो.

गुरुवार, १३ मार्च

मी पोचलो तेव्हा ताई टेबलावर होत्या. बोर्ड पकडीत लावलेला, इस्त्री तापत ठेवलेली. मी दारातच उभा राहिलो. आत जावं की नाही ते कळेना.

"ये," त्या म्हणाल्या. बस म्हणाल्या नाहीत.

मी म्हटलं, "ताई, काल तुम्ही न बोलता गेलात. रागावला असाल तर..."

"रागावलेय. तो राहील काही दिवस. त्याचं तू मनावर घेऊ नकोस, घेतलंस तरी चालेल." त्यांनी चिप चिमट्यात उचलून ठिपक्यांवर टेकवली. "तीन आठवडे मी घरी कप दोन हातांनी धरून चहा पीत होते. सांडेल म्हणून. यांना वाटायचं मला थंडी वाजतेय, ते खिडकी लावून घ्यायचे. मी सांगितलं नाही."

त्यांनी चिपचा कोपरा चिमट्याने सरळ केला.

"काल घरी गेले, चहा केला. यांना समोर बसवलं. म्हटलं, बघा. आणि एका हाताने अख्खा कप प्यायले. भरलेला." त्यांचा आवाज जरा हलला, हात हलला नाही. "यांना काही कळलं नाही. म्हणाले, साखर बरोबर आहे ना?"

मग त्यांनी पहिला पाय सोल्डर केला, आणि दुसरा. मी शहाण्णवही पाय होईपर्यंत तिथे उभा होतो. त्यांनी मला जा म्हटलं नाही.